औषध रुग्णापर्यंत पोहोचवणारा रसायनशास्त्रज्ञ : डॉ. युसूफ हमीद

फेब्रुवारी २००१ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांत मुंबईतल्या एका औषध कंपनीची बातमी झळकली. एचआयव्हीच्या रुग्णाला रोज लागणारी तीन औषधे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या सेवाभावी संस्थेला वर्षाला माणशी ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी या कंपनीने दाखवली होती. म्हणजे दिवसाचा खर्च एका डॉलरपेक्षाही कमी. त्या वेळी अमेरिका-युरोपात याच उपचाराला वर्षाकाठी १० ते १५ हजार डॉलर मोजावे लागत. १९९६ पासून श्रीमंत देशांतले रुग्ण या औषधांमुळे मरणाच्या दारातून परत येत होते आणि त्याच काळात आफ्रिकेत घरेच्या घरे रिकामी होत होती. इलाज होता, पण तो गरिबाच्या हाती लागत नव्हता.

हा प्रस्ताव मांडणारे सिप्लाचे डॉ. युसूफ ख्वाजा हमीद अनेकांना केवळ उद्योगपती म्हणून ठाऊक आहेत. मुळात ते रसायनशास्त्रज्ञ. आजार आहे तिथे अल्लाहने इलाजही ठेवला आहे, ही श्रद्धा आपल्या घराघरांत असते. तो इलाज शोधायचा, बनवायचा आणि आजाऱ्याच्या शरीरापर्यंत न्यायचा, हे काम मात्र माणसाने करायचे असते. त्या कामात किती टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर काय काय अडते, हे डॉ. हमीद यांच्या कारकिर्दीतून फार चांगले समजते.

घरातूनच मिळालेले रसायनशास्त्र

युसूफ यांचे वडील डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद मूळचे अलीगढचे. गांधीजींच्या सहवासात आलेले, असहकाराच्या चळवळीने भारावलेले तरुण. त्यांनी बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची पीएच.डी. मिळवली. तिथेच त्यांची लुबा या लिथुआनियातील ज्यू घराण्यातल्या तरुणीशी ओळख झाली आणि पुढे दोघांचे लग्न झाले. १९३५ साली त्यांनी मुंबईत ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ ही कंपनी काढली. या लांबलचक नावातल्या आद्याक्षरांचे पुढे ‘सिप्ला’ झाले. ४ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी या कारखान्याला भेट दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले. परदेशी औषधांची आवक आटली आणि आपली औषधे आपणच बनवली पाहिजेत, हा त्या घराचा विचार देशाची गरज होऊन बसला.

युसूफ यांचा जन्म २५ जुलै १९३६ रोजी आईच्या माहेरी, आज लिथुआनियाची राजधानी असलेल्या विल्नियस शहरात झाला. वाढले ते मुंबईत. कॅथेड्रल शाळा, मग सेंट झेवियर्स कॉलेज आणि तिथून १९५४ साली केंब्रिजचे क्राइस्ट्स कॉलेज. त्यांचे गुरू होते अलेक्झांडर टॉड. टॉड यांना १९५७ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते न्यूक्लिओटाइड या रेणूंवरच्या कामासाठी. आपल्या पेशींतला डीएनए ज्या घटकांपासून बनतो, ते हे रेणू.

युसूफ यांच्या वाट्याला आलेला विषय ऐकायला गमतीचा वाटेल. पिकांवर पडणाऱ्या माव्याच्या अंगात जे रंग असतात, त्यांच्या रेणूंची रचना शोधायची! औषधांशी याचा काय संबंध, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण अज्ञात पदार्थ शुद्ध कसा करायचा, त्याचे तुकडे करून त्याची रचना कशी ओळखायची आणि ती पायरीपायरीने पुन्हा कशी जुळवायची, हे सगळे त्या कामात शिकायला मिळाले. १९६० साली पीएच.डी. घेऊन ते मुंबईला परतले आणि सिप्लात रुजू झाले.

पानांतून औषध, कायद्यातून वाट

औषधाचा कच्चा माल देशात बनत नसेल, तर गोळीवर नाव आपले आणि लगाम दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती राहते. सिप्लाने विक्रोळीच्या कारखान्यात १९६१ पासून डायोस्जेनिन तयार करायला घेतले. वनस्पतीजन्य असलेल्या या पदार्थापासून स्टेरॉइड आणि हार्मोन गटातली अनेक औषधे बनवता येतात.

पुढे १९८४ च्या सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीने व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधे बनू लागली. ती मिळतात सदाफुलीतून. आपल्या अंगणात, मशिदीच्या आवारात, कब्रस्तानच्या कुंपणाशी फुलणारी तीच सदाफुली. तिच्या पानांत ही द्रव्ये इतकी अल्प असतात की थोड्याशा औषधासाठी पानांचे ढीग लागतात. ती वेगळी काढायची रीत बसवणे, हेच खरे कौशल्य.

रसायनशास्त्राइतकाच मोठा अडसर कायद्याचा होता. इंग्रजांच्या काळातल्या १९११ च्या कायद्याने औषधाच्या रेणूवरच पेटंट मिळत असे. त्यामुळे एखादे औषध दुसऱ्या रीतीने बनवता येत असले, तरी पेटंटची मुदत संपेपर्यंत ते बनवण्याची मुभा नसे. हमीद पितापुत्र आणि इतर भारतीय औषध उत्पादक यांनी हा कायदा बदलावा म्हणून अनेक वर्षे पाठपुरावा केला. १९७० साली नवा कायदा संमत झाला आणि १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर, तेही थोड्या वर्षांसाठी, असा त्याचा गाभा होता. आता रसायनशास्त्रज्ञाने नवी, स्वतःची पद्धत शोधली तर तो तेच औषध बनवू शकत होता. आज आपल्या गावातल्या मेडिकलमध्ये जगाच्या तुलनेत स्वस्त औषध मिळते, त्याची पाळेमुळे या कायद्यात आहेत. ख्वाजा अब्दुल हमीद यांचे निधन त्याच १९७२ साली झाले.

श्वासावाटे जाणारे औषध

औषध तयार झाले, आता ते नेमक्या जागी कसे न्यायचे? दम्याचे उदाहरण घ्या. साल्ब्युटामॉलची गोळी घेतली, तर ती पोटात विरघळते, रक्तात मिसळते, सगळ्या अंगभर फिरते आणि त्यातला थोडा भाग फुप्फुसांत पोहोचतो. म्हणून गोळीत २ ते ४ मिलिग्रॅम औषध घालावे लागते. हात थरथरतात, छाती धडधडते. तेच औषध श्वासावाटे थेट फुप्फुसात गेले, तर एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या वीस ते चाळीस पट कमी, पुरते. गुणही काही मिनिटांत येतो.

पण यासाठी औषधाचे कण फार बारीक असावे लागतात, साधारण १ ते ५ मायक्रॉन. आपला केस यापेक्षा कितीतरी पट जाड असतो. कण मोठा राहिला तर घशातच अडकतो, फारच सूक्ष्म झाला तर उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. सिप्लाने १९७६ पासून दम्याचे फवारे बनवायला घेतले. फवारा दाबणे आणि श्वास ओढणे एकाच वेळी जमणे म्हाताऱ्यांना आणि लहानग्यांना कठीण जाते. त्यांच्यासाठी कोरडी पूड भरलेली कॅप्सूल आणि ती ओढण्याचे साधे उपकरण, रोटाहेलर, आले. १९९७ मध्ये सिप्लाने ते पारदर्शक केले. बदल किती छोटा! पण सगळी पूड गेली की आत काही उरली, हे आता आजीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू लागले. औषध पोहोचवण्याचे शास्त्र असेही असते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने आपल्याकडे अजूनही अनेक अम्मी मुलांना इनहेलर देत नाहीत. इनहेलरचे व्यसन लागत नाही. उलट, डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला इनहेलर मध्येच सोडल्यामुळे दमा बळावतो.

सुईऐवजी गोळी

थॅलेसेमिया झालेल्या मुलाला जन्मभर रक्त द्यावे लागते. प्रत्येक बाटलीबरोबर शरीरात लोह जाते. ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. साठलेले लोह हृदय, यकृत खराब करते. ते काढण्यासाठी बराच काळ एकच मार्ग होता. पोटाच्या कातडीखाली सुई टोचायची, तिला छोटा पंप जोडायचा आणि रात्री ८ ते १२ तास औषध सोडत राहायचे, आठवड्यातून पाच ते सात रात्री. कित्येक घरांना हे परवडत नसे, आणि परवडले तरी रोज रात्री सुई टोचून घेणाऱ्या लेकराकडे पाहवत नसे.

डेफेरिप्रोन हा लोह पकडणारा रेणू १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झाला होता. तो तोंडाने घेता येतो. त्याच्या सुरक्षिततेवर पाश्चात्त्य देशांत वाद चालू असताना भारतात चाचण्या झाल्या आणि १९९४ मध्ये सिप्लाने तो बाजारात आणला. तोंडाने घ्यायचे लोहनाशक औषध जगात सर्वप्रथम आपल्या देशात मिळाले. युरोपात त्याला १९९९ मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत २०११ मध्ये. हे औषध निर्धोक नाही. काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एकाएकी घटतात, म्हणून रक्ततपासणी नियमित करावीच लागते. पण सुईच्या रात्रींतून सुटका झालेल्या मुलांसाठी त्या गोळीचे मोल वेगळेच होते.

आई आणि वडील दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. निकाहाची बोलणी चालू असतानाच दोघांची एक साधी रक्ततपासणी करून घेतली तर हे आधी कळते.

तीन औषधे, एक गोळी

आता एचआयव्हीकडे येऊ. हा विषाणू आपल्या पेशीत शिरला की स्वतःची प्रत डीएनएच्या रूपात तयार करतो. माळेत एकेक मणी ओवावा तसे न्यूक्लिओटाइडचे मणी तो ओवत जातो. झिडोव्हुडिन हे औषध म्हणजे अशाच मण्याची बेमालूम नक्कल आहे, पण त्याला पुढचे छिद्र नाही. विषाणू फसतो, तो मणी ओवतो आणि माळ तिथेच थांबते. लॅमिव्हुडिन आणि स्टॅव्हुडिन हीसुद्धा अशीच फसवी मणी. टॉड यांनी ज्या रेणूंवर उभी हयात घालवली, त्यांचेच हे भाऊबंद. त्यांच्या शिष्याला ही भाषा परकी नव्हती.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने झिडोव्हुडिन बनवण्याची पद्धत विकसित केली. तिथले संचालक डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी आधी अनेक वर्षे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम केले होते. सिप्लाने त्या पद्धतीने औषध बनवले आणि परदेशापेक्षा पुष्कळ कमी किमतीत, दिवसाला सुमारे २ डॉलरमध्ये, आणले. तरीही ते भारतातल्या रुग्णांच्या आवाक्याबाहेर राहिले. सरकारकडे खरेदीसाठी पैसा नव्हता आणि तयार साठा पडून राहिला. रेणू हाती होता, कारखाना होता, पण औषध रुग्णापर्यंत गेले नाही.

दरम्यान डॉक्टरांच्या लक्षात आले की एकच औषध दिले तर विषाणू रूप बदलून निसटतो. तीन औषधे एकदम दिली तर तिन्ही कुलपे एकाच वेळी उघडणे त्याला जमत नाही. अडचण अशी की रुग्णाला दिवसभरात मूठभर गोळ्या वेगवेगळ्या वेळी घ्याव्या लागत. एखादी चुकली की विषाणूला फट मिळे. तिन्ही औषधे एकाच गोळीत का नाहीत? कारण स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन यांची पेटंटे तीन वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांकडे होती.

भारतात तो अडसर नव्हता. सिप्लाने तिन्ही एकत्र करून ‘ट्रायोम्यून’ ही गोळी बनवली. सकाळी एक, संध्याकाळी एक. ऐकायला सोपे वाटते, पण तिन्ही औषधांनी एकमेकांना बिघडवता कामा नये, प्रत्येकाने पोटात आपापल्या गतीने विरघळून रक्तात योग्य प्रमाणात उतरले पाहिजे आणि जिथे फ्रिज नाही अशा गावच्या उन्हाळ्यातही गोळी टिकली पाहिजे.

२८ सप्टेंबर २००० रोजी ब्रसेल्सला युरोपीय आयोगाच्या बैठकीत डॉ. हमीद यांना बोलायला जेमतेम काही मिनिटे मिळाली. त्यांनी तीन गोष्टी देऊ केल्या : कमी किमतीत तिन्ही औषधे, आफ्रिकेतल्या सरकारांना हवे असल्यास ती बनवण्याचे तंत्रज्ञान विनामोबदला, आणि आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्यासाठी नेव्हिरापिन मोफत. सभागृहातून लगेच कुणी पुढे आले नाही. पाच महिन्यांनी ३५० डॉलरचा आकडा जाहीर झाला, तेव्हा मात्र जगाला दखल घ्यावी लागली. एप्रिल २००१ मध्ये ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्धचा आपला खटला मागे घेतला. किमती कोसळत गेल्या आणि पुढच्या वर्षांत आफ्रिकेतल्या बहुसंख्य रुग्णांच्या हाती भारतात बनलेल्या गोळ्या पोहोचल्या.

बाळाच्या तोंडात जाईल असे

मोठ्यांची गोळी मोडून लहानग्याला देता येत नाही. तुकडा कमी-जास्त झाला की मात्रा चुकते. एचआयव्ही असलेल्या बाळांना दिले जाणारे एक पातळ औषध तर भयंकर कडू होते, त्यात सुमारे ४२ टक्के अल्कोहोल होते आणि ते फ्रिजमध्ये ठेवावे लागे. वीज नसलेल्या झोपडीतली आई ते कसे देणार? सिप्लाने आधी मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या छोट्या गोळ्या काढल्या. नंतर तेच कडू औषध बारीक दाण्यांच्या रूपात कॅप्सूलमध्ये भरले. आईने कॅप्सूल उघडून दाणे मऊ खाण्यावर भुरभुरायचे. २०१९ च्या अखेरीस दुर्लक्षित आजारांवर काम करणाऱ्या डीएनडीआय या संस्थेबरोबर स्ट्रॉबेरीच्या चवीचे, चार औषधे एकत्र असलेले दाणे जाहीर झाले. तोवर डॉ. हमीद रोजच्या कारभारातून निवृत्त झाले होते, पण वाट त्यांनीच पाडलेली होती.

आक्षेप आणि मर्यादा

त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती समजून घेतली पाहिजे. नवा रेणू शोधायला प्रचंड पैसा आणि वर्षे लागतात. दुसऱ्याने शोधलेले औषध स्वस्तात बनवले, तर पुढचे औषध कोण शोधणार? या प्रश्नात तथ्य आहे. झिडोव्हुडिन किंवा नेव्हिरापिन सिप्लाने शोधलेले नव्हते. डॉ. हमीद यांचे उत्तर असे, की आपला विरोध पेटंटला नसून मक्तेदारीला आहे. शोधकर्त्याला रॉयल्टी द्यायची आपली तयारी आहे, पण गरिबाचे औषध अडवू नये. शिवाय झिडोव्हुडिन हा रेणू १९६४ मध्ये अमेरिकेत कर्करोगाच्या संशोधनात प्रथम तयार झाला, तोही सरकारी पैशातून.

दर्जाबाबतही कसोटीचे प्रसंग आले. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सिप्लाची एचआयव्हीवरची दोन औषधे आपल्या यादीतून काही महिने वगळली. बाहेरच्या ज्या प्रयोगशाळेत त्यांच्या चाचण्या झाल्या, तिथल्या नोंदी नियमांना धरून नव्हत्या. नव्याने चाचण्या झाल्यावर त्याच वर्षी ती परत घेतली गेली. स्टॅव्हुडिनमुळे हातापायांना मुंग्या येणे, चेहऱ्यावरची चरबी झडणे असे दुष्परिणाम दिसले आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवायला सांगितले. ट्रायोम्यूनची जागा अधिक सुरक्षित गोळ्यांनी घेतली. २००५ पासून भारतातही औषधाच्या रेणूवर पेटंट परत आले आहे, त्यामुळे नव्या औषधांसाठी जुनी वाट आता तशी मोकळी नाही.

आणि काही आजारांत औषधाची मर्यादा येते. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतल्या माणसाला वेदना कमी व्हाव्यात, घरच्यांची साथ मिळावी एवढेच हवे असते. सिप्ला फाउंडेशनने पुण्याजवळ वारजे येथे १९९७ पासून अशा रुग्णांसाठी मोफत सेवेचे केंद्र चालवले आहे.

आपल्या मुलामुलींसाठी

डॉ. हमीद यांना २००५ मध्ये पद्मभूषण मिळाले. २०२० मध्ये केंब्रिज विद्यापीठाने आपल्या रसायनशास्त्र विभागाला त्यांचे नाव दिले. मुंबईत शिकलेल्या एका विद्यार्थ्याच्या नावाने आज तो विभाग ओळखला जातो.

आपल्या घरांत बारावी सायन्सला चांगले गुण मिळाले की डॉक्टर व्हायचे, हे जणू ठरलेले असते. नीटमध्ये नंबर लागला नाही की घरात सुतक येते आणि मुलगी असेल तर पुष्कळदा शिक्षणच थांबते. औषध लिहून देणाऱ्याच्या मागे औषध घडवणारे शेकडो लोक असतात, हे मुलांना कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात एमएचटी-सीईटी देऊन बी.फार्म.ला जाता येते. पुढे ‘जीपॅट’ परीक्षा देऊन एम.फार्म.साठी शिष्यवृत्ती मिळू शकते. त्यात ‘फार्मास्युटिकल केमिस्ट्री’ घेतली तर रेणूची जडणघडण शिकता येते, ‘फार्मास्युटिक्स’ घेतले तर औषध शरीरात पोहोचवण्याचे शास्त्र. रसायनशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. करूनही या क्षेत्रात येता येते. मुंबईत माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मोहालीची ‘नायपर’ या नावाजलेल्या संस्थांत मुली मोठ्या संख्येने संशोधन करत आहेत.

उपयोगी पडणारे इल्म माणसामागे उरते, ही शिकवण आपल्याला नवी नाही. यंदा तुमच्या घरात कुणी बारावीला असेल, तर निकालाच्या आधीच त्याच्याशी किंवा तिच्याशी या वाटेबद्दल एकदा बसून बोला.